सरांचा तुकडा

"काय सर, कसे आहात?" असं कुणी विचारलं की सर म्हणायचे, "हलतोय."

समोरचा माणूस नवा असला तर चक्रावायचा. त्याला वाटायचं, यांना कंपवाताचा वगैरे त्रास असावा. मग तो मायेनं एखाद्या ओळखीच्या डॉक्टरचं नाव सांगायला लागायचा. सर ते नाव नीट ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "थांबलो की जाईन त्यांच्याकडे." माणूस आणखी घाबरायचा.

सर आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे आणि मी मराठी. शिवाय मी त्यांची भाडेकरू. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, नोकरीपायी इकडे आलेलो. नालासोपाऱ्याहून पश्चिमेला कळंबकडे जाताना एका गावात सरांची वडिलोपार्जित वाडी होती. केळी, सोनचाफा, एका कोपऱ्यात पानवेल, आणि मधोमध त्यांचं कौलारू घर. मागच्या दोन खोल्यांत आम्ही नवरा-बायको राहायचो. खोल्या दाखवताना सरांनी मला पहिला प्रश्न विचारला होता, "तुम्हाला खडखडाटाचा त्रास नाही ना?" मला वाटलं, पत्र्याचा आवाज होत असेल. "नाही," म्हटलं. नाही म्हणून बसले खरी!

तो खडखडाट डब्याचा होता. सरांच्या हातात कायम एक स्टीलचा, गोल, घट्ट झाकणाचा डबा असायचा, पुऱ्यांचा असतो तसा. त्यात शिवणीच्या झाडाच्या लाकडाचे लहान लहान तुकडे होते. दोन पाय, दोन हात, धड आणि डोकं. गावातल्या सुताराकडून ते मापात करून घेतलेले, आणि प्रत्येकात कुठं ना कुठं बारीक लोहचुंबक बसवलेलं. डावा पाय कमरेच्या डाव्या बाजूलाच चिकटावा, डोकं मानेलाच चिकटावं, अशी योजना. सर दिवसभर तो डबा हलवायचे. वर्गात शिकवताना हलवायचे, स्टाफरूममध्ये चहा पिताना हलवायचे, मयताला गेले तर धोतराच्या सोग्याखाली धरून हळू हलवायचे. पोरं त्यांना 'डबा सर' म्हणायची. सरांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

एकदा मी न राहवून म्हटलं, "सर, तुकडे आहेत, चुंबकं आहेत, दोन मिनिटांत हातानं जोडून होईल की हो."

सर माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी देवघरात चपला घालून गेले.

"हातानं जोडली की ती बाहुली, बाई. आपोआप जोडला गेला तर तो यंत्रमानव."

मग त्यांनी मला समजावलं. ही गोष्ट दोन हजार साल उलटून गेल्यानंतरची. आमच्याकडे अजून ग्रामपंचायत होती आणि महानगरपालिका व्हायची होती. त्या काळात परदेशातल्या प्रयोगशाळांमधून एक नवं खूळ निघालं होतं, की यंत्रमानव लोखंडाचे न करता रेणूंचे करायचे. सुईच्या टोकावर अख्खं विरार वसेल एवढे लहान. ते म्हणे रक्तातून फिरतील, औषध जिथल्या तिथे नेऊन टाकतील. सर रद्दीवाल्याकडून विज्ञानाची जुनी इंग्रजी मासिकं आणायचे आणि त्यात एवढंच शोधायचे.

"पण एवढा लहान बांधणार कोण?" मी विचारलं.

"कुणीच नाही. त्याला चिमट्यानं धरायचं म्हटलं, तर चिमटाही तेवढाच लहान हवा. मग तो चिमटा कोण बांधणार? म्हणून तुकडेच असे करायचे, की आपला जोडीदार भेटला तरच चिकटतील. ते पाण्यात सोडायचे आणि आपण गप्प बसायचं. पाण्याचे रेणू एक क्षण स्थिर नसतात. ते चहूकडून धक्के मारतात. धक्के खात खात तुकडे एकमेकांना भेटतात. चुकीचे भेटले तर पुढच्या धक्क्यानं सुटतात, बरोबर भेटले तर टिकतात. तिथं मुकादम नाही, नकाशा नाही. फक्त धक्के आहेत, बाई. धक्के!"

दुसरी माणसं 'कृपा' हा शब्द जसा म्हणतात तसा सर 'धक्के' म्हणायचे.

त्यांचा डबा म्हणजे त्या रेणूंची मोठ्या मापातली रंगीत तालीम होती. रेणू दिसत नाहीत, म्हणून लाकडाचे तुकडे. पाणी हलवतं तसं आपण हलवायचं. तो माणूस आपोआप जुळला आणि उतरत्या फळीवर ठेवल्यावर आपले सैल पाय टाकत स्वतःहून चालत खाली आला, की सर म्हणणार होते, झालं. आयुष्यात एवढं एकदा बघायचं होतं त्यांना. निवृत्तीला फार दिवस उरले नव्हते, आणि तोवर डब्यातून जे काही निघालं होतं ते बघवत नव्हतं. कधी मानेवर पाय, कधी दोन हातांच्या मधे डोकं, कधी नुसतेच पाय एकमेकांना चिकटून बसलेले. सरांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, एकदा डब्यात डोकावून "शी!" म्हटलं आणि पदरानं डोळे झाकले होते.

शिकवण्याची पद्धतही तीच. अकरावीच्या वर्गाला पाण्याचा रेणू शिकवायचा म्हणून त्यांनी सगळी पोरं-पोरी मैदानात काढली. कुणी ऑक्सिजन, कुणी हायड्रोजन. डोळे मिटायचे, हात पुढे करायचे आणि धक्के खात फिरायचं. ज्याला आपला अणू भेटेल त्यानं हात धरायचा. देवा रे! मैदानभर शंभरेक पोरं डोळे मिटून एकमेकांवर आदळतायत, मधोमध सर आनंदानं ओरडतायत, "अजून जोरात! तापमान वाढवा!" प्राचार्य खिडकीतून बघत होते. त्यांना वाटलं, दंगल झाली. त्यांनी घंटा वाजवायला लावली, तर सर म्हणाले, "वा! बाहेरून ऊर्जा आली!" त्या दिवशी एका पोराचा चष्मा फुटला, एकीची वेणी सुटली आणि पाण्याचा रेणू काही झाला नाही. मात्र त्यातल्या एका ऑक्सिजननं एका हायड्रोजनचा हात जो धरला तो सोडलाच नाही. पुढं दोघांच्या घरी बराच आरडाओरडा झाला. आता त्यांना दोन मुलं आहेत.

आणखी एकदा सर पेढे घेऊन स्टाफरूममध्ये आले. चेहरा नुसता फुललेला.

"चालला!" ते म्हणाले.

"अगंबाई, नातू?" भूगोलाच्या बाईंनी पेढा उचलला.

"अहो, त्यांच्या मंजूचं लग्न मागच्या महिन्यात झालंय," मी म्हटलं.

"नातू नाही हो," सर म्हणाले. "परदेशात डीएनएच्या तुकड्यांचे दोन पाय केलेत, ते पट्टीवरून चालले. एक पाय उचलतात, पुढं टाकतात. खरेखुरे पाय. रेणूंचे!"

सगळ्यांचे हात पेढ्यांवरच थबकले. मग भूगोलाच्या बाई म्हणाल्या, "असू दे. कुणाचे का असेनात, चालले ना." आणि त्यांनी पेढा खाल्ला. सर भारावून गेले होते. कुणाच्या तरी अदृश्य पायांसाठी आपल्या खिशातून पैसे घालून पेढे वाटणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

आता मुख्य अडचण. डबा हलवायचा तर किती? हातानं हलवला की सवयीनं एकाच तालात हलायचा, तुकडे जिथल्या तिथे घोळायचे. मिक्सरला बांधला तर जुळलेलंही फुटायचं, आणि काकूंनी मिक्सर माळ्यावर नेऊन ठेवला. मंजूचा जुना पाळणा काढला, तो फार सौम्य निघाला. "पाळण्यात तुकडे झोपतात," असा त्यांचा निष्कर्ष. राजोडीच्या एका होडीतून डबा समुद्रात जाऊन आला, तिथं सरच आडवे झाले. सरांना हवे होते ते उलटसुलट, बेभरवशाचे, वरून, खालून, बाजूनं येणारे, पण जीव न घेणारे धक्के. ते त्यांना आमच्या टमटममध्ये सापडले.

टमटम म्हणजे सहा सीटर रिक्षा. सहा सीटर नुसतं म्हणायला, बसायची दहा माणसं. गावाहून नालासोपाऱ्याला आम्ही इनासच्या टमटमनं जायचो. रस्ता असा, की त्यात खड्डे आहेत म्हणणं चूक. खड्डेच होते, त्यात अधूनमधून रस्ता होता. आम्ही सगळे जीव मुठीत धरून बसायचो आणि सर मांडीवर डबा घेऊन डोळे मिटून, गालातल्या गालात हसत बसायचे.

समोर पार्वतीमावशी. कळंबची कोळीण, पायाशी मासळीची पाटी. तिला डब्याचं भारी कौतुक. रोज विचारायची, "सर, मानूस झाला काय?"

"आज डोकं जुळलं होतं, मावशी. नंतर सुटलं."

"माज्या घोवाचं पन तसंच," मावशी म्हणायची, आणि इनास हसता हसता टमटम आणखी एका खड्ड्यात घालायचा.

त्याच टमटममध्ये सरांनी मला रेणूंची मोटर शिकवली. "बाई, मावशींची पाटी बघा. प्रत्येक धक्क्याला ती तुमच्याकडे सरकते. परत मावशींकडे का जात नाही?"

"कारण मध्ये माझा गुडघा येतो!" मी चिडून म्हटलं. माझी साडी बोंबलाच्या पाण्यानं भिजली होती.

"बरोब्बर! धक्के सगळ्या दिशांनी येतात. एका दिशेचे अडवले, की उरलेल्यांतून चाल निर्माण होते. इंजिन लागत नाही, फक्त गुडघा लागतो. तुम्ही रेणूयंत्रातला फार महत्त्वाचा भाग आहात, बाई."

मी घरी जाऊन साडी तीनदा धुतली.

आणि मग रस्ता मंजूर झाला. गाव नुसतं हरखून गेलं. काकूंना तर आनंदाचं भरतं आलं. त्यांच्या मणक्यात गॅप होता. टमटममध्ये बसणं त्यांना डॉक्टरांनी बंद केलं होतं, त्यामुळे लेक लग्न होऊन विरार पूर्वेला फुलपाड्यात राहायला गेली तरी यांनी तिचं घर अजून पाहिलं नव्हतं. त्यातच मंजूला दिवस राहिल्याची बातमी आली. "आता रस्ता होतोय, पोर सातव्यात माहेरी येईल," म्हणून काकूंनी कामाला सुरुवात केली. जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली, डिंक आणवला, पाळणा पुसून ठेवला.

ग्रामसभेत ठेकेदार नकाशा घेऊन आला होता. कुणाला काही विचारायचं आहे का, असं सरपंचांनी म्हटल्यावर सर उठले.

"माझा रस्त्याला विरोध नाही. फक्त बावखलापासून वळणापर्यंतचा तुकडा आहे तसा ठेवावा, ही विनंती."

बावखल म्हणजे आमच्याकडच्या वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं तळं. त्याच्या कडेचा रस्ता तर सगळ्यात भयंकर होता.

सरपंच म्हणाले, "सर, खड्डे बुजवा म्हणून लोक येतात. खड्डे ठेवा म्हणून तुम्ही पहिलेच."

"ते खड्डे नाहीत, ती माझी प्रयोगशाळा आहे. असे धक्के करून मिळत नाहीत. त्यामागे कितीएक पावसाळे आहेत."

सभेत हशा पिकला. पण निम्मं गाव सरांच्या हाताखाली शिकलेलं, त्यामुळे त्यांचा शब्द मोडायला कुणी धजेना. आणि ठेकेदार? त्याचा चेहरा असा खुलला की विचारू नका. सगळं आयुष्य लोकांच्या शिव्या खाल्लेला तो माणूस, आणि इथं एक प्राध्यापक हात जोडून सांगतोय, काम करू नका! त्यानं पुढं येऊन सरांचे पाय धरले. म्हणाला, "शिकलेल्या लोकांचं असं सहकार्य मिळालं तर देश कुठल्या कुठं जाईल." मी कपाळाला हात लावला.

रस्ता झाला. काळाकुळकुळीत, गुळगुळीत. बावखलापाशी तो तुटायचा, मग सरांचा तुकडा, मग वळणापासून पुन्हा गुळगुळीत. लोक त्याला 'सरांचा तुकडा' असंच म्हणायला लागले. "सरांच्या तुकड्याच्या अलीकडे उतरव रे," असं टमटममध्ये म्हणायचे. सर खूश. आता तर आधी शांत आणि मग एकदम धक्के असा फरक मिळत होता. "आधी थंड, मग उकळी," ते म्हणायचे.

सातवा महिना लागला आणि मंजूच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, सुरुवातीला थोडं अंगावर गेलं होतं, आता सगळं ठीक आहे, माहेरी खुशाल जा, पण वाटेत धक्का बसता कामा नये. एकही नाही. नवा रस्ता झालाय म्हणता ना? मग काही काळजी नाही.

मंजूनं फोनवर हे सांगितलं तेव्हा मी तिथंच होते. काकूंनी फोन ठेवला आणि सरांकडे बघितलं. सर डबा हलवत होते. हळूहळू थांबले.

त्या दिवसापासून काकूंनी सरांशी बोलणं बंद केलं. भांडण नाही, आदळआपट नाही. नुसतं बंद. चहा समोर यायचा, जेवणाचं ताट यायचं, शब्द यायचा नाही. जे सांगायचं ते माझ्यामार्फत.

"बाय, त्यांना सांग, अंघोळीचं पाणी काढलंय."

सर दोन हातांच्या अंतरावर बसलेले. तरी मी सांगायचे, "सर, पाणी काढलंय."

"त्यांना सांगा, आलोच."

"काकू, आलेच म्हणतायत."

एकदा सर मला हळूच म्हणाले, "दोन रेणू थेट जोडले जात नाहीत, तेव्हा मधे तिसरा लागतो." मी म्हटलं, "सर, तिसरा रेणू आता वैतागलाय. त्या ठेकेदाराला बोलवा आणि तो तुकडा नीट करून घ्या."

त्यांनी सरपंचांकडे चौकशी केलीही. ठेकेदार काम आटपून दुसरीकडे गेला होता, आता पावसाळ्यानंतर बघू. "आणि सर, तुमच्याच मागणीवरून ठेवलाय तो," सरपंच म्हणाले. 

मग सरांनी शास्त्रीय उपाय काढले. पहिला उपाय, मंजूला अर्नाळ्याहून होडीनं आणायचं. दुसरा, चार माणसांची डोली. तिसरा असा, की पाणी धक्के शोषून घेतं, तेव्हा मोठं पिंप पाण्यानं भरायचं, त्यात मंजूला गळ्यापर्यंत बसवायचं आणि पिंप टेम्पोत ठेवायचं. हा तिसरा मी काकूंना सांगितला तेव्हा त्या दुपटं शिवत होत्या. त्यांनी सुई थांबवून विचारलं, "लोणचं घालायचंय का म्हणावं पोरीचं?"

हसू आलं मला, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पहिलं बाळंतपण, आणि आई इथं, लेक तिथं. आईला जाता येत नाही, लेकीला येता येत नाही, आणि मधे एवढासा रस्ता. मला सरांचा संताप आला. जातायेताना मी त्यांच्याशी नीट बोलेनाशी झाले. तरी ते डबा सोडत नव्हते. "जवळ आलंय, बाई. दोन्ही पाय आणि धड रोज जुळतंय. आता सोडलं तर गेलं," एवढंच म्हणाले.

आणि एके दिवशी दुपारी परत येताना, त्या तुकड्यावरच, डब्याचा आवाज बदलला. नेहमीचा खडखडाट एकदम बंद झाला आणि एकच भरीव 'ठक' ऐकू आलं. मग पुढच्या खड्ड्यालाही एकच 'ठक'.

"थांब!" सर ओरडले.

इनासनं ब्रेक मारला. आम्ही सगळे डब्यावर वाकलो. झाकण घट्ट बसलेलं, सरांना ते निघेना. शेवटी मीच ओढून काढलं. आत एक माणूस पडला होता. डोकं मानेवर, हात खांद्यांना, पाय कमरेला. पूर्ण. कुणीही न जोडलेला.

"मानूस झाला!" पार्वतीमावशीनं अशी आरोळी ठोकली, की बावखलावरचे बगळे उडाले. इनास हॉर्न वाजवायला लागला. कुणीतरी बाजाराहून आणलेला मोगऱ्याचा गजरा सरांच्या गळ्यात घालायला गेलं, तो पुरेना, म्हणून कानाला अडकवला. सर रडत होते. माझाही राग कुठल्या कुठे पळाला, खोटं कशाला बोलू? एवढी वर्षं ज्याला सगळे हसले, ते झालं होतं.

सर कानात गजरा तसाच घेऊन घरात धावले. मी मागून. काकू ओटीवर तांदळाचे पापड लाटत होत्या. सरांनी फळी आणली, तिला एका बाजूनं पाट लावला आणि माणसाला वर ठेवून हात काढून घेतला. तो जरा डुलला. मग त्यानं एक पाय टाकला. मग दुसरा. टकटक, टकटक करत, कुणी न ढकलता, तो अख्खी फळी उतरून काकूंच्या पोळपाटापर्यंत आला आणि थांबला.

सरांनी काकूंकडे बघितलं. आम्ही सगळ्यांनीच बघितलं, दारात इनास आणि मावशीही येऊन उभी होती.

काकूंनी लाटणं खाली ठेवलं. त्या माणसाकडे बघितलं. मग मला म्हणाल्या, "बाय, विचार त्यांना. हा आला चालत. माझी मंजू कधी येणार?"

मी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. सरांनी कानाचा गजरा काढला, माणूस उचलला, डब्यात टाकला आणि डबा फडताळात ठेवून दिला. मग बाहेर जाऊन पायरीवर बसले. रिकाम्या हातांचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं.

पुढच्या रविवारी सरांनी वर्गातली पोरं बोलावली. एका पोराच्या वडिलांचं विरारला इमारतीचं काम चाललं होतं. त्यांनी ट्रकभर मुरूम आणि विटांचे तुकडे आणून ओतले. सरांनी सगळ्यांना गोळा केलं आणि सूचना दिल्या. नाही जात हो मूळ स्वभाव!

"कुणी कुणाला हुकूम द्यायचा नाही. दोनच नियम. घमेलं रिकामं असेल तर भरायचं. भरलेलं असेल तर जो खड्डा दिसेल त्यात ओतायचं. रस्ता आपोआप तयार होईल."

पोरं कामाला लागली. आता ढिगापासून निघाल्यावर सगळ्यांना पहिला दिसणार तो पहिलाच खड्डा. सगळी घमेली त्यातच. खड्डा भरला तरी ओततायत, कारण खड्डा बुजला तर काय करायचं हा नियमच नव्हता. बघता बघता तिथं टेकाड झालं. पुढचे खड्डे जसेच्या तसे. इनास टमटम थांबवून म्हणाला, "सर, पोरीला आनायची का किल्ला बांधायचा?"

माझं डोकं सरकलं. मी पदर खोचला.

"बास!" मी अशी ओरडले, की वर्गातही कधी ओरडले नव्हते. "सगळ्यांनी घमेली खाली ठेवा! तुम्ही पाच जण वळणाकडून सुरू करा. तुम्ही मधून. मोठे तुकडे खाली, मुरूम वर. ए उंच मुला, तू पाणी मार. धुम्मस कुणाकडे आहे? आण इकडे!"

पोरं पळायला लागली. सर मधोमध भरलेलं घमेलं घेऊन उभे होते. माझ्याकडे बघत होते. मला क्षणभर वाटलं, जास्तच बोलले.

"बाई," ते म्हणाले, "मी कुठं टाकू?"

संध्याकाळपर्यंत ते माझ्या सांगण्याप्रमाणे घमेली वाहत होते. नंतर धुम्मस घेऊन मुरूम ठोकत बसले. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. तळव्यांना खडा लागतोय का ते बघायचं म्हणून चपला काढून त्या तुकड्यावरून येरझाऱ्या घालायचे. लागला की उकरून काढायचे.

मंजूला आणायला इनासनं टमटममध्ये गादी घातली. पण इंजिन चालू असलं की टमटम उभ्या जागीही नाचते, त्यामुळे बावखलापाशी त्यानं इंजिनच बंद केलं. तिथून पुढं आमच्या पोरांनी गाडी ढकलली. पुढं सर अनवाणी, कमरेत वाकून, वाटेतला बारीकसारीक खडा उचलत. मागे आम्ही. पोरंही दबक्या पावलांनी ढकलत होती. पार्वतीमावशीसुद्धा तोंडाला पदर लावून चालली होती.

वाडीच्या फाटकात काकू भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. टमटम त्यांच्यासमोर येऊन थांबली. आत मंजू नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून गाढ झोपली होती. तोंड किंचित उघडं, दोन्ही हात पोटावर. तो सगळा तुकडा तिनं झोपेत पार केला होता. जावई उठवायला लागला तर सरांनी हात वर करून त्याला थांबवलं.

मग आम्ही सगळे तिथंच उभे राहिलो, भर उन्हात. काकू जवळ आल्या. आधी लेकीकडे बघितलं, खूप वेळ. नंतर त्यांची नजर सरांच्या पायांकडे गेली. पाय गुडघ्यापर्यंत मुरमानं लाल झाले होते, अंगठा फुटला होता. मी सवयीनं पुढं सरकले, आता काहीतरी सांगतील म्हणून. पण काकूंनी माझ्याकडे बघितलंच नाही.

"अहो," त्या अगदी हळू म्हणाल्या, "पाय धुऊन या. दोघं मिळून उतरवू तिला."

सर विहिरीकडे धावत सुटले.